पाऊणकी

स्ट्रूडवर पाणी आलंय. बस थांबली.
पुढे रस्ता आहे, पण आत्ता तो समुद्राचा;
कठड्याचे खांब तेवढे दोन्ही बाजूंनी उभे,
मिरवणूक पुढे निघून गेल्यावर
मागे राहिलेल्या मेणबत्त्यांसारखे.

पलीकडे मर्सी बेट. तिथे माझी अडीचची पाळी,
आणि मिसेस ऑर्विस, ज्या माझ्याशिवाय
कुणाच्या हातून गोळी घेत नाहीत.
ड्रायव्हर फोन खिडकीबाहेर धरून रेंज शोधतोय.
मी बोटांची पेरं मोजते.

परवा पौर्णिमा झाली. आज द्वितीया.
दोनाची पाऊणकी दीड.
वर एक तास, कारण उन्हाळ्यात हे लोक
घड्याळाला ढकलून पुढे नेतात
आणि दर्याला कळवत नाहीत.
अडीचला भरती पुरी. मग तासाभराने रस्ता.

"साडेतीन," मी म्हणते.
तो आरशातून बघतो. कुणी सांगितलं?
माझ्या बापाने.
बेटावर राहतो का?
हो, म्हणते. खोटं नाही. बेट तेवढं दुसरं.

मार्वे ते मनोरी, मनोरी ते मार्वे,
बस्त्याव कैतान कोरिया याची तर:
डाव्या हातात सुकाणू, उजव्यात सुटे पैसे,
समोर बकऱ्या, सायकली, बर्फाच्या लाद्या,
शालूचा घोळ गुडघ्यापर्यंत उचलून बसलेली नवरी,
एकदा तर देवळातला अख्खा पियानो.
त्याला तिकीट माणसाचं लावायचं की सायकलीचं
यावरून पप्पा आणि फादर
अर्धी खाडी भांडले.

स्वयंपाकघरात चर्चचं कॅलेंडर.
प्रत्येक संताच्या नावाखाली
पप्पाची बारीक पेन्सिल:
शुद्ध आठ, सहा वाजता. वद्य अकरा, सव्वाआठ.
उधाण, भांग, पुन्हा उधाण.
आई म्हणायची, भटाचं पंचांग नि पाद्र्याचं कॅलेंडर
एकाच खिळ्याला टांगतोस?
तो म्हणायचा, दर्या एकच हाय गो,
खिळापण एकच.

तो मार्चमध्ये गेला.
पण साऱ्या वर्षाच्या भरत्या
जानेवारीतच मांडून ठेवायची त्याची रीत;
म्हणून एप्रिलभर, जूनभर, पार नाताळापर्यंत
त्याच्या अक्षरात पाणी चढत राहिलं, उतरत राहिलं.
आई ते बघून तर पकडायची.
मी निघाले तो दिवसही होता तिथे,
सत्तावीस ऑक्टोबर. वद्य चार, तीन वाजता.
विमानाला भरती लागत नाही,
तरी त्याने लिहून ठेवलेलं.

आता पूल होणार म्हणतात.
चुलतभाऊ दर वर्षी म्हणतो, आणि दर वर्षी
तरीतूनच मार्व्याला जाऊन ही बातमी आणतो.
माझी लेक म्हणते, ममा, मी लिंक पाठवते ना.
पाठवते. उघडते. बरोबरही असते.
त्यात खिळा नसतो एवढंच.

तीन वाजले. एक पोरगा मोटारीतून उतरून,
बूट हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात जाऊन
शहाणा होऊन परत आला.
मागच्या सीटवरच्या बाईंनी सगळ्यांना
पेपरमिंट वाटल्या, मला दोन.

मग रस्त्याची पांढरी रेघ वर आली, तुटक तुटक,
मग शेवाळ,
मग एक खेकडा,
दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडणारा.

तीन वीसला ड्रायव्हरने चावी फिरवली.
"दहा मिनिटं चुकलात," तो हसून म्हणाला.
वारा जमिनीवरून सुटला होता,
पाणी लवकर ओढलं, हे सांगणार होते, सांगितलं नाही.

पप्पाने मात्र एवढ्यासाठी
कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं असतं
आणि घरभर खोडरबर शोधला असता.